क्षेत्र, चेतना आणि क्षेत्रज्ञ

श्रीगीतेच्या तेराव्या अध्यायावर बारामती-इंदापूरकडे निरूपण करावयाचे म्हणजे कीर्तनकाराची एक मोठी सोय होते. ‘क्षेत्र’ हा शब्द तेथे समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर तो श्रोत्यांनी शंभरदा वाचलेला असतो. इतके क्षेत्र बागायत, इतके जिरायत, इतके पोटखराब. हे शरीर म्हणजे क्षेत्र, आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ, एवढे म्हटले की समोरचा माळकरी मान डोलावतो. जमीन निराळी आणि जमीन जाणणारा निराळा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु अलीकडे ह्या दृष्टान्तावरच शंका येऊ लागली आहे, आणि तीही ह्याच मुलखातून. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, तो २०२४ पासून सर्वांच्या तोंडी झाला आहे. जमिनीत यंत्र पुरावयाचे, ते ओलावा मोजते. हवामानाचे यंत्र वारा-पाऊस मोजते. उपग्रह वरून पिकाची प्रकृती पाहतो. आणि अमुक वाफ्याला इतके पाणी द्या असा निरोप शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेली, शिकलेली पोरे मग कीर्तन संपल्यावर विचारतात, “महाराज, ओल यंत्राला कळते, रोग उपग्रहाला कळतो, आणि मालकाला मोबाइल वाजल्यावर कळते. मग ह्यात क्षेत्रज्ञ कोण?” दुसरा लगेच पुस्ती जोडतो, “डॉक्टर म्हणतात, विचार मेंदू करतो. मेंदूला मार लागला की माणसाचा स्वभावसुद्धा बदलतो. मग आत्मा राहिला कुठे?”

अशा शंकेला एखादा विनोद करून टाळ्या घेता येतात. त्या मी पुष्कळदा ऐकल्या आहेत. पण पोरगा घरी जातो तो शंका जशीच्या तशी बरोबर घेऊन. म्हणून ह्या शंकेला शास्त्राच्या रीतीने उत्तर काय, ते येथे पाहू.

प्रथम एका शब्दाचा निकाल लावू. विज्ञान, मानसशास्त्र आणि अध्यात्म ह्यांचा ‘समन्वय’ करा, असे हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी असते. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाचे नावच समन्वय आहे, तेव्हा शब्द आपलाच. पण समन्वय म्हणजे खिचडी नव्हे. अनेक वाक्यांचे तात्पर्य एकाच ठिकाणी आहे असे विचाराने ठरविणे, हा समन्वय. आणि त्यानंतर लगेच दुसरा अध्याय येतो तो अविरोधाचा. ह्या तीन शास्त्रांच्या बाबतीत आज गरज आहे ती आधी अविरोधाची. कोणते प्रमाण कोणत्या विषयात चालते ते ठरवावे, म्हणजे निम्मी भांडणे मिटतात. रंगाच्या बाबतीत कानाची साक्ष काढू नये. सुराच्या बाबतीत डोळ्याची काढू नये. आचार्यांनी तर अठराव्या अध्यायावरील भाष्यात अग्नीचे उदाहरण घेऊन बजावले आहे की प्रत्यक्षाच्या प्रांतात प्रत्यक्षाविरुद्ध जाणारे वचन श्रुतीचे असले तरी ते प्रमाण धरता येत नाही. इतके स्पष्ट बोलणारी ही परंपरा आहे. तिला मेंदूच्या डॉक्टरचे भय वाटण्याचे काही कारण नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. श्रीज्ञानेश्वर माउलींनी ह्या ठिकाणी शेताच्या मालकीचा वादच उभा केला आहे. एक पक्ष म्हणतो, शेत जीवाचे. प्राण हे त्याचे कूळ, त्याचे चौघे भाऊ घरी राबणारे, मन वर देखरेख करणारे, आणि इंद्रियांचे बैल सकाळ-संध्याकाळ न पाहता विषयांच्या रानात जुंपलेले. दुसरा उठून म्हणतो, छे, जीव हा तर वाटसरू, एका मुक्कामापुरता उतरलेला, शेत प्रकृतीचे. तिसरा म्हणतो संकल्पाचे, चौथा म्हणतो स्वभावाचे, पाचवा म्हणतो सगळेच काळाच्या दाढेत आहे, मालकी कसली घेऊन बसलात! आपल्याकडे कूळकायदा १९४८ साली आला. माउलींनी हा दावा १२९० साली, शके १२१२ मध्ये, मांडून ठेवला. आजचा मेंदूशास्त्रज्ञ आला तर त्याला ह्या पंगतीत सहावे पान मांडावे. तोही स्वभाववाद्याच्या जवळपासच बसेल.

वाद ऐकवून झाल्यावर भगवंत क्षेत्राची मोजणी करतात. पाच महाभूते, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रिये, मन, त्यांचे विषय. मग इच्छा, द्वेष, सुख, दुःख. माउलींच्या हिशेबाने एकूण छत्तीस तत्त्वे होतात. ह्या यादीत एक नाव असे आहे की ते पाहून नवा वाचक थबकलाच पाहिजे. ते नाव म्हणजे ‘चेतना’. चेतना ही क्षेत्रज्ञाच्या बाजूला नाही, ती क्षेत्राच्या बाजूला मोजली आहे!

वाचकहो, हे फार महत्त्वाचे आहे. ह्यावर थोडे थांबू. आचार्य भाष्यात सांगतात की लोखंडाचा गोळा तापला म्हणजे अग्नी त्याच्यात प्रकट होतो, तशी देह-इंद्रियांच्या समुदायात प्रकट होणारी, आत्मचैतन्याच्या आभासाने भिजलेली अंतःकरणाची वृत्ती म्हणजे चेतना. आणि ती जाणली जाते म्हणून ती क्षेत्रच. लोहाराच्या भात्याजवळ बसलेल्याला हे चटकन कळेल. गोळा लाल दिसतो, चटका देतो, वाकतो. पण लाली लोखंडाची नाही आणि गोल आकार अग्नीचा नाही. माउली चेतनेचे वर्णन करताना ती नखापासून केसापर्यंत देहात जागी असते असे म्हणतात, आणि लोहचुंबकाचा दाखला देतात. चुंबक लोखंडाला शिवत नाही, पण त्याच्या सान्निध्याने लोखंड हलते. तसे आत्म्याच्या सान्निध्याने जड देह हलतो.

आपल्या मराठीतही हा विवेक आहे, फक्त आपण तिकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत ‘कॉन्शसनेस’ ह्या एकाच शब्दावर सगळा भार पडतो. आपण शुद्ध म्हणतो, भान म्हणतो, जाणीव म्हणतो, चेतना म्हणतो, चैतन्य म्हणतो, आणि प्रत्येकाची जागा वेगळी. अपघातात माणसाची शुद्ध जाते. गजराला रंग चढला की टाळकऱ्याचे देहभान हरपते, पण शुद्ध जात नाही. टाळाचा एक ठोकाही चुकत नाही, बरं का! शुद्ध आहे आणि भान नाही, हे कसे, ह्याचा विचार केला तरी मानसशास्त्राचा पहिला धडा झाला.

आता विज्ञान काय मोजते ते पाहू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी मॉर्टन ह्यांनी ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि त्याच्या मानेवरील गाठ काढली गेली. तेव्हापासून माणसाची शुद्ध हवी तेव्हा घालवावी आणि हवी तेव्हा परत आणावी, हे वैद्याच्या हाती आले. जर्मनीत हान्स बर्गर ह्यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी कवटीवरून टिपल्या व १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला आठ ते तेरा आंदोलनांची लहर दिसते, डोळे उघडले की ती मोडते. १९५३ मध्ये शिकागोच्या असेरिन्स्की व क्लाइटमन ह्यांनी झोपेतील एक अवस्था निराळी काढून दाखविली; तीत मिटल्या पापणीखाली बुबुळे भराभर फिरतात, आणि त्या वेळी उठविले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. जागृती, स्वप्न आणि गाढ झोप ह्यांच्या लहरी वेगवेगळ्या आहेत. मांडूक्य उपनिषदाने, अवघ्या बारा मंत्रांच्या ग्रंथाने, ह्याच तीन अवस्थांवरून विचार केला आहे. तेव्हा तीन अवस्थांपुरते दोघांचे जमते. पण “पाहा, आमचे उपनिषद विज्ञानाने सिद्ध केले” असे ओरडण्याची घाई नको. यंत्राने टिपल्या त्या तीन अवस्था. उपनिषदाचा भर आहे तो तिन्हींचा जो साक्षी त्याच्यावर, आणि साक्षी लहरीत सापडत नाही. कारण लहर ही पाहिलेली वस्तू झाली.

ह्या मोजणीचा उपयोग केवढा मोठा आहे तो एका उदाहरणावरून कळेल. इंग्लंडात एड्रियन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. अपघातानंतर ती कित्येक महिने निपचित होती. डोळे उघडत, पण बोलावल्यास कसलीच प्रतिक्रिया नाही. तिला यंत्रात ठेवून सांगितले, टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर. मग सांगितले, आपल्या घरातील खोल्यांतून फिरत आहेस अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो जो भाग अशा वेळी जागा होतो तो तोच तिच्याही मेंदूत जागा झाला! बाहेरून काहीच नाही आणि आत ऐकू येत आहे. सगळेच रोगी असे असतात असे नाही. परंतु निपचित माणसाच्या उशाशी बसून जमिनीच्या वाटणीची बोलणी करणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

मग विज्ञानाला क्षेत्रज्ञ सापडला काय? ह्याविषयी एक पैज प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख ह्या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स ह्या तत्त्वज्ञाशी पैज मारली की, पंचवीस वर्षांत अनुभवाचा मेंदूतील ठसा स्पष्ट सापडेल. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्यांचा अभ्यास पुष्कळ झाला. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे कॉख ह्यांनी भर सभेत पैज हरल्याचे मान्य केले आणि द्राक्षासवाच्या बाटल्या दिल्या. चाल्मर्स ह्यांचा प्रश्न साधा आहे. मेंदूत अमुक हालचाल झाली हे कळले, तरी त्या हालचालीबरोबर ‘मला गोड लागले’ हा अनुभव मुळात का असावा?

येथे आपले काही कीर्तनकार बंधू उडी मारतात आणि “विज्ञान हरले” म्हणतात. हे बरोबर नाही. हरली ती एक मुदत. उद्या तो ठसा सापडेलही, आणि सापडावाच. सापडला तरी तो छत्तीस तत्त्वांच्या यादीतच जाईल. त्याचे नाव चेतना. आपल्या सिद्धान्ताला त्यामुळे कोठेही बाध येत नाही. मेंदू नसेल तर अनुभव प्रकट होत नाही, हेही आपण नाकारीत नाही. जनक वेगळा आणि व्यंजक वेगळा. दिव्याने घडा दिसतो, म्हणून दिव्याने घडा घडविला असे होत नाही. पूर्वपक्षी म्हणेल, दिवा विझल्यावर घडा आहे हे मी चाचपून पाहू शकतो, मेंदू थांबल्यावर काय चाचपू? शंका रास्त आहे. तिचे उत्तर प्रयोगशाळेत नाही, असे स्वच्छ सांगावे. ते श्रुती, विचार आणि अनुभव ह्यांच्या प्रांतातले आहे, आणि त्या प्रांताचे नियमही कडक आहेत.

उसातल्या यंत्राचेही ह्यावरूनच कळते. यंत्र ओल मोजते, हिशेब करते, निरोप देते; बुद्धीचे काम ते आपल्यापेक्षा चांगले करीत असेल. पण बुद्धीच मुळी क्षेत्रात मोजलेली आहे! पंचदशीच्या नाटकदीप प्रकरणात विद्यारण्यस्वामी रंगशाळेतील दिवा दाखवितात. तो यजमानाला, प्रेक्षकांना, नर्तकीला सारखाच उजळतो आणि सगळे उठून गेले तरी रिकामी शाळा उजळीत राहतो. तेथे अहंकार हा यजमान आहे आणि बुद्धी ही नाचणारी. यंत्र म्हणजे एक नवी नाचणारी आली, इतकेच. नाच उत्तम. दिवा कोणता, हा प्रश्न तिने सोडविलाही नाही आणि बिघडविलाही नाही.

ह्या दोन प्रांतांत मर्यादा राखून कसे वावरावे, ह्याचा वस्तुपाठ आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. स्वामी कुवलयानंद हे मूळचे संस्कृतचे विद्वान. मॅट्रिकला त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली होती. मालसरच्या माधवदासजी महाराजांकडे योग शिकल्यावर त्यांनी योगक्रिया क्ष-किरणांखाली व दाबमापकाने तपासल्या, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी आतड्यात बाहेरील हवेपेक्षा कमी दाब होतो हे त्यांना आढळले, तेव्हा त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. पण प्राणायामाने शरीरात फार मोठा प्राणवायू भरतो ही लोकसमजूत तपासून पाहिल्यावर त्यांनी ती सोडून दिली. प्राणायाम मात्र सोडला नाही. पुढे १९५७ मध्ये परदेशी संशोधक हृदय थांबविण्याची ख्याती असलेल्या योग्यांच्या परीक्षेसाठी भारतात आले, तेव्हा नाडी हाताला लागत नसली तरी हृदयाच्या आलेखावर ठोके चालूच होते. तर दिल्लीच्या आनंद, छिना व सिंग ह्यांच्या १९६१ च्या निबंधात दोघा योग्यांनी बर्फासारख्या गार पाण्यात पाऊण तासाच्या वर हात ठेवूनही त्यांची शांत लहर मोडली नाही, अशी नोंद आहे. एक दावा पडला, एक टिकला. दोन्ही छापले गेले. असे असावे.

आता मानसशास्त्राकडे, आणि ते वारीच्या वाटेवरच पाहू. श्रीतुकोबारायांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीला धोतराच्या पायघड्यांवरून आणि मेंढ्यांच्या रिंगणातून पुढे सणसरला जाते. मग बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेचे स्नान. पायाला फोड आलेली साठीची बाई ही मजल हसत कशी चालते? इंग्लंडात डनबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविले की एकत्र, एका लयीत वल्ही मारणाऱ्यांची वेदना सोसण्याची शक्ती, तेवढेच श्रम एकट्याने करण्यापेक्षा जास्त वाढते. इटलीच्या बर्नार्डी ह्यांनी २००१ मध्ये ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. तो दोन्हींत मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळते. नामाच्या आवर्तनाने अंतःकरण निवते, हे आपण सांगतोच; त्यातील देहाचा भाग त्यांनी मोजला. पण नाम घेतल्याने रक्तदाब सुधारतो म्हणून नाम घ्या, असा प्रचार मला रुचत नाही. पंढरीस जाताना सावली मिळाली तर बसावे. सावलीसाठी कोणी पंढरीस निघत नाही.

हे सारे सांगण्याचा हेतू वादविवाद हा नव्हे. घरोघरी ह्याचा संबंध येतो. म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो. आयुष्यभर माळ घातलेली आजी मुलाचे नाव विसरते, जेवली की नाही विसरते, आणि घरचे हळूच विचारतात, “महाराज, हिची भक्ती गेली का हो?” विसरले ते चित्त, आणि चित्त हे क्षेत्र. उजनीचे पाणी चढले की पळसदेवचे जुने देऊळ दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि शिखर वर येते. देऊळ मधल्या काळात कोठे गेलेले नसते. दृष्टान्त एकाच अंशाने घ्यावा, ह्या रोगाचे पाणी उतरत नाही हे खरे. पण शिखर मात्र कधी कधी दिसते. लाइपझिगच्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळले की जुनी गाणी ज्या भागात साठतात तो मेंदूचा भाग ह्या रोगात पुष्कळ काळ शाबूत राहतो. म्हणून संध्याकाळी तिच्याजवळ बसून, तिला लहानपणापासून येणाऱ्या चालीतच हरिपाठ म्हणावा. तिने पुढचा शब्द उचलला तर आनंद, न उचलला तर तिला “आठव, आठव” म्हणून छळू नये.

तसेच मनाच्या रोगांचे. ज्याला कोणी दिसत नसता आवाज ऐकू येतात, जो आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जिला बाळंतपणानंतर जीव नकोसा होतो, त्यांना घेऊन घरचे देवऋषाकडे जातात, अंगारे-धुपारे करतात, कोंडून ठेवतात. वारकऱ्याच्या घरी तरी हे होऊ नये. गुडघा दुखला तर तो क्षेत्राचा विकार, आणि मन दुखले तर तो पूर्वजन्मीचा डाग, असा भेद गीतेच्या यादीत नाही. गुडघा आणि मन एकाच सातबाऱ्यावर आहेत. दोहोंसाठी वैद्य आहे. आत्म्याला दोहोंचाही स्पर्श नाही, म्हणून लाज कशाचीच नाही.

वारीत काही जण एक चूक करतात. मनाच्या किंवा अपस्माराच्या गोळ्या चालू असतात. माळकरी म्हणतो, आता माउली बघून घेईल, आणि गोळ्या घरी ठेवून निघतो, नाहीतर एकादशीला उपवास म्हणून चुकवितो. चार मुक्कामांत त्रास उलटतो आणि दिंडीची धावपळ होते. गोळ्यांची पुडी आणि डॉक्टरची चिठ्ठी पडशीत बुक्क्याच्या डबीशेजारी ठेवावी, आणि बरोबरच्या एकाला सांगून ठेवावे. एकादशीने गोळी अडत नाही. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. त्यांत पाणी आहे, दूध आहे, गुरूचे वचन आहे, आणि औषधही आहे.